एचएसएस ड्रिल : सांगली-कुपवाडच्या दुकानांत काय मिळतं आणि त्यातलं काय घ्यावं

सांगलीत हार्डवेअरच्या दुकानात "तीन सूत ड्रिल द्या" म्हटलं की काउंटरवर तीन-चार वेगवेगळ्या वस्तू येतात. एक काळं, एक चकचकीत पांढरं, एक सोनेरी. एमआयडीसीची गिऱ्हाइकं येणारं दुकान असेल, तर तांबूस झाक असलेलं चौथंही निघतं. सगळ्यांवर एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टील, लिहिलेलं असतं, भावात मात्र मोठं अंतर. बहुतेक जण एक तर सगळ्यात स्वस्त उचलतात, नाहीतर सगळ्यात झगझगीत. दोन्हींत पैसे वाया जातात.

निकाल आधीच सांगून टाकतो. सांगली, मिरज, कुपवाड पट्ट्यातल्या फॅब्रिकेशनला आणि मेंटेनन्सला नावाजलेल्या कंपनीचं, ग्राइंड करून बनवलेलं साधं एम२ जातीच्या पोलादाचं ड्रिल पुरतं. कोबाल्ट मिसळलेलं ड्रिल स्टेनलेससाठी राखून ठेवा. बिनानावाचा सोनेरी सेट कुणीच घेऊ नये, भेट द्यायलासुद्धा.

आधी त्या सुताचं बघू. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिमी आणि तीन सूत ९.५२५ मिमी. दुकानदार साडेनऊचं ड्रिल देतो, त्यात त्याची चूक नाही. पण एम१०चा, म्हणजे १० मिमीचा, बोल्ट त्या भोकातून जात नाही आणि एम१०चे आटे पाडायला ते भोक मोठं होतं. बोल्ट मिमीचे आणि ड्रिल सुताचं, ही गल्लत आपल्याकडे रोजची आहे. ड्रिल मागताना मिमीतच मागा, दशांशासकट.

आता पोलाद. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात अमेरिकेच्या बेथलेहेम स्टीलमधल्या टेलर आणि व्हाइट यांच्या पद्धतीची हत्यारं चालवून दाखवली गेली. टोक तापून लाल झालं तरी ती कापत होती. एचएसएसचा सगळा मुद्दा तेवढाच आहे. साधं कार्बन पोलाद दोनशे-अडीचशे अंशांच्या पुढे नरम पडायला लागतं, एचएसएस साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत कडकपणा टिकवतं. थंड असताना दोन्ही सारखीच कडक असू शकतात, म्हणून कानस घासून बघण्याच्या परीक्षेत नकली मालही पास होतो. खरी परीक्षा ग्राइंडरवर. शँकचं, म्हणजे मशीनमध्ये धरायच्या मागच्या दांडीचं, टोक दगडाला जरा टेकवा. एचएसएसच्या ठिणग्या मंद, लालसर-नारिंगी, तुटक येतात. कार्बन पोलादाच्या पिवळ्या-पांढऱ्या येतात आणि टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. दुकानदार काउंटरवर हे करू देणार नाही हे उघड आहे. पण दहाचं पाकीट घेतलंत तर घरी आल्यावर एकावर करून बघा.

बाजारात प्रामुख्याने तीन पोलादं दिसतात. एम२ म्हणजे साधारण ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम, २ टक्के व्हॅनेडियम. कडकपणा रॉकवेल मापावर ६३-६५. एम३५ म्हणजे त्यातच ५ टक्के कोबाल्ट. एम४२ मध्ये ८ टक्के कोबाल्ट आणि साडेनऊ टक्के मॉलिब्डेनम, कडकपणा ६७च्या पुढे. कोबाल्टमुळे ड्रिल जास्त तापमान सोसतं. धार जास्त तीक्ष्ण होते असं नाही. त्याची किंमत ठिसूळपणात मोजावी लागते. हातातलं मशीन जरा कलंडलं की कोबाल्टचं ५ मिमीचं ड्रिल कट्‌कन तुटतं, तिथे एम२चं वाकून सावरतं. म्हणून "महाग आहे म्हणजे टिकेल" हा हिशेब पिलर ड्रिलवर (खांबावरच्या उभ्या मशीनवर) थोडाफार चालतो, हँड ड्रिलवर नाही.

पोलादाइतकाच फरक बनवण्याच्या पद्धतीनं पडतो, आणि दुकानात त्याबद्दल कुणी बोलत नाही. स्वस्त ड्रिलचे फ्ल्यूट, म्हणजे अंगावरच्या पिळदार खाचा, गरम रोल करून पाडलेले असतात, नंतर फक्त टोक आणि बाहेरचा व्यास ग्राइंड करतात. महाग ड्रिल कडक केलेल्या गोल सळईतून पूर्ण ग्राइंड करून काढतात. बॉशच्या पाकिटावर हा फरक स्पष्ट छापलेला असतो : एचएसएस-आर म्हणजे रोल केलेलं, एचएसएस-जी म्हणजे ग्राइंड केलेलं. रोल केलेलं वाईट असतं असं मुळीच नाही. ते जरा लवचीक असतं, म्हणून शेतात उभं राहून द्राक्षमांडवाच्या अँगलला भोकं मारायची, ट्रॉलीच्या चॅनलवर हँड ड्रिल आडवं धरून चालवायचं, तिथे तेच बरं. पण त्याचं भोक नेमक्या मापाचं येईल ही अपेक्षा सोडा. आटे पाडायचे असतील, पिन बसवायची असेल, तर ग्राइंड केलेलंच.

रंगाबद्दल. काळा रंग म्हणजे वाफेत तापवून आणलेला लोखंडाच्या ऑक्साइडचा थर. तो तेल धरून ठेवतो आणि पोलादाची चिप, म्हणजे कापून निघालेला कीस, धारेला चिकटू देत नाही. लोखंडी कामाला उत्तम, ॲल्युमिनियमला मात्र पांढरं, बिनरंगाचं ड्रिल घ्यावं, कारण काळ्या थरावर ॲल्युमिनियम चिकटून फ्ल्यूट भरून टाकतं. सोनेरी म्हणजे टायटॅनियम नायट्राइड, असायला हवं तर. खरा थर दोन-तीन मायक्रॉनचा, अतिशय कडक, आणि एकसमान स्पीड आणि फीड (ड्रिल आत सरकण्याचा वेग) असलेल्या मशीनवर तो खरोखर आयुष्य वाढवतो. पण पहिल्यांदा धार लावली की टोकाच्या मागच्या तोंडावरून तो निघून जातो. फ्ल्यूटमध्ये राहतो तेवढाच कामाचा. म्हणजे हातानं धार लावून वापरणाऱ्यानं त्याचे जादा पैसे का मोजावेत? आणि शंभर नगांच्या डब्यातल्या स्वस्त सोनेरी ड्रिलवर बऱ्याचदा नुसती सोनेरी झिलई असते, खालचं पोलाद काय आहे ते देव जाणे. तांबूस झाक कोबाल्टची खूण मानतात, तीही नुसती तापवून आणता येते. त्यापेक्षा शँकवरचं लिखाण वाचा : एचएसएस-ई, एचएसएस-को, को-५ किंवा एम३५. यांतलं काहीच नसेल तर ते कोबाल्ट समजू नका.

ब्रँडमध्ये अ‍ॅडिसन, आयटीएमचं डॅगर, मिरांडा, जेके, बॉश, वायजी-१ ही नावं आपल्याकडच्या टूल्सवाल्यांना ठाऊक आहेत. अ‍ॅडिसन तर चेन्नईची १८७३ पासूनची कंपनी. यांच्यात उन्नीस-बीस करत बसण्यात अर्थ नाही. एकाच पोलादाचं, एकाच पद्धतीनं बनवलेलं ड्रिल कुणाचंही घ्या, फरक तुमच्या धारेत आणि स्पीडमध्ये त्याहून जास्त असतो. चालणाऱ्या नावाच्या नकला होतात, ही खरी अडचण. म्हणून सुटं ड्रिल पेपरात गुंडाळून घेण्यापेक्षा कंपनीच्या पाकिटातलं, पक्क्या बिलावर घ्यावं. छोटी मापं पाच-दहाच्या पाकिटात येतात, तेवढी लागतातच.

काउंटरवर उभ्या उभ्या काय बघायचं? ड्रिल काचेवर आडवं ठेवून बोटानं लोळवा. वाकडं असेल तर टोक डुगडुगतं. मग टोक डोळ्यासमोर सरळ धरा. दोन्ही धारा सारख्या लांबीच्या हव्यात आणि मधली आडवी रेघ, म्हणजे चिझल एज, बरोबर मध्यावर हवी. धारेच्या मागचं तोंड धारेपेक्षा खाली उतरत गेलेलं दिसलं पाहिजे. सपाट असेल तर ते कापणार नाही, नुसतं घासणार. मायक्रोमीटर असेल तर व्यास टोकाशी, दोन्ही कडांच्या चकचकीत पट्टीवर मोजा. मागे फ्ल्यूटच्या शेवटी मोजलंत तर कमी भरेल, कारण ड्रिल भोकात अडकू नये म्हणून त्याला मागे किंचित निमुळतं केलेलं असतं. १० मिमीच्या चांगल्या ड्रिलचं माप टोकाशी ९.९८ ते १०.०० च्या आत येतं. १०.०५ भरलं तर परत द्या. लांबीही सांगते : डिन ३३८ या जर्मन मानकाप्रमाणे १० मिमीचं जॉबर, म्हणजे नेहमीच्या लांबीचं, ड्रिल एकूण १३३ मिमी लांब, त्यात फ्ल्यूट ८७ मिमी. ६ मिमीचं ९३ आणि ५७. याच्यापेक्षा बरंच आखूड निघालं आणि पाकिटावर स्टब (मुद्दाम आखूड बनवलेलं) असं लिहिलेलं नसलं, तर कुणीतरी पोलाद वाचवलंय.

टोकाचे दोन प्रकार भेटतील. ११८ अंशांचं साधं आणि १३५ अंशांचं स्प्लिट पॉइंट. साध्याची चिझल एज कापत नाही, धातू दाबून बाजूला सारते, आणि ड्रिल दाबायला लागणाऱ्या जोरातला निम्म्याहून जास्त जोर तीच खाते. सेंटर पंच मारला नाही तर सरकते ती याच कारणानं. स्प्लिट पॉइंटमध्ये या एजला दोन छोट्या धारा दिलेल्या असतात, त्यामुळे ते जागेवर लगेच धरतं आणि कमी जोरात जातं. गोल पाइपवर, स्टेनलेसवर आणि बॅटरीच्या मशीनला स्प्लिट पॉइंटच घ्यावं. तोटा एवढाच की हातानं पुन्हा तशी धार लावणं सगळ्यांना जमत नाही. कारागीर जुना आणि ग्राइंडरवर हात बसलेला असेल तर ११८च ठीक.

एवढं बघून घेतलेलं ड्रिलही पहिल्याच दिवशी जळतं, ते स्पीडमुळे. सोपा हिशेब पाठ करून ठेवा. एमएसला, म्हणजे माइल्ड स्टीलला, ८००० भागिले ड्रिलचा व्यास मिमीत, जे येईल ते आरपीएम. स्टेनलेसला ४००० भागिले व्यास. बीडाला (कास्ट आयर्नला) साधारण ६५००, ॲल्युमिनियमला २०,०००. म्हणजे १० मिमीचं ड्रिल एमएसमध्ये ८०० वर, स्टेनलेसमध्ये ४०० वर. ६ मिमीचं १३०० आणि ६५० वर. आता साधं हँड ड्रिल बघा. ट्रिगर पूर्ण दाबला की २६०० च्या आसपास फिरतं. ३ मिमीच्या ड्रिलला हा स्पीड अगदी बरोबर. त्याच स्पीडवर १० मिमीचं लावलं की बाहेरचा कोपरा मिनिटाला ऐंशी मीटरनं धावतो, पाहिजे त्या वेगाच्या तिपटीनं. आधी तो कोपरा निळा पडतो, मग गोल होतो, मग ड्रिल किंचाळायला लागतं, आणि दुकानदाराला शिव्या बसतात. स्पीड कमी-जास्त होणारं मशीन नसेल तर हँड ड्रिलनं ८ मिमीच्या वर जाऊच नये. आणि हॅमरचं बटण बंद आहे ना ते बघा. हॅमरवर एचएसएस लोखंडात घातलं की धारेचे टवके उडतात.

स्पीड कमी आणि दाब ठाम, हे सूत्र. १० मिमीच्या ड्रिलनं पिलर मशीनवर ८०० आरपीएमला प्रत्येक फेऱ्यात ०.२ मिमी खाल्लं, तर १२ मिमीची प्लेट सहा सेकंदांत पार होते. तिथे कुणी मिनिटभर हँडल धरून उभा असेल तर ड्रिल कापत नाहीये, तापतंय. चिपकडे लक्ष ठेवा : दोन्ही फ्ल्यूटमधून सारख्या जाडीच्या, गुंडाळलेल्या पट्ट्या आल्या म्हणजे सगळं जागेवर आहे. एकाच बाजूनं चिप येत असेल तर एक धार लांब, एक आखूड. भोकही मोठं होणार. चिपऐवजी भुकटी यायला लागली, तीही एमएसमध्ये, तर थांबा आणि धार लावा.

स्टेनलेसबद्दल थोडं जास्त, कारण डेअरीच्या टाक्या आणि पाइपलाइनमुळे भिलवडी-पलूसकडे ३०४ जातीच्या स्टेनलेसचं काम भरपूर आहे आणि सगळ्यात जास्त ड्रिल तिथेच मरतात. ३०४ घासलं की कडक होतं. ड्रिल क्षणभर न कापता नुसतं फिरलं की खालचा थर ताठरतो, मग त्यावर दुसरं नवं ड्रिल लावलं तरी ते घसरतं. म्हणून एम३५, १३५ अंश स्प्लिट पॉइंट, शक्यतो आखूड स्टब, कमी स्पीड, आणि एकदा खायला लागलं की थांबायचं नाही. पंच हलका मारा. खोल पंचानंही ती जागा कडक होते. कटिंग ऑइल थेंबाथेंबानं चालू ठेवा. पाण्याचा शिडकावा अधूनमधून करणं सगळ्यात वाईट, तापलेल्या धारेला त्यानं बारीक चिरा जातात.

किर्लोस्करवाडीला पंपांचा कारखाना १९१० पासूनचा, त्यामुळे बीडाचं काम या भागाला नवं नाही. बीड कोरडंच ड्रिल करावं. तेल घातलं की भुकटीचा चिखल होऊन कोपरे झिजतात. कास्टिंगच्या वरच्या कातडीत वाळू असते, तीच ड्रिल खाते. त्यावर उपाय म्हणजे ११८च्या टोकाच्या बाहेरच्या कोपऱ्यांना ९० अंशांची छोटी दुसरी उतरण देणं. झीज लांब धारेवर वाटली जाते आणि ड्रिल बरंच जास्त चालतं. याला कोबाल्ट लागत नाही.

पितळात नवं, तीक्ष्ण ड्रिल घालू नका; ते स्क्रूसारखं आत ओढलं जातं आणि जॉबच गरागरा फिरतो. धारेची पुढची बाजू तेलदगडानं जराशी सपाट करा, काम झालं. पातळ पत्र्याला साधं ड्रिल तिकोनी भोक पाडतं, तिथे स्टेप ड्रिल. ॲल्युमिनियमला थोडं रॉकेल. आणि ट्रॉलीचा पाटा? पाटा कडक केलेलं स्प्रिंग पोलाद आहे, त्यावर एम२ दोन फेऱ्यांत बोथट होतं आणि कोबाल्टही रडतखडत जातं. कार्बाइड टोकाचं ड्रिल घ्या. जागा गॅसनं लाल करून नरम करण्याचा रिवाज आहे खरा, पण पाटा मग तिथूनच तुटतो.

धार लावण्यावर प्रत्येकाचं मत असतं. मोजता येण्याजोग्या गोष्टी अशा : दोन्ही धारा अक्षाशी ५९ अंश, लांबी समान, मागची उतरण ८ ते १२ अंश, आणि चिझल एज धारेशी १२० ते १३५ अंशांत. गेज नसेल तर दोन सारखे षटकोनी नट सपाट बाजूंनी एकमेकांना चिकटवा. वर जी खाच होते ती नेमकी १२० अंशांची असते. त्यात टोक बसवून उजेडासमोर धरलं की कुठली बाजू उंच ते लगेच दिसतं. दगड ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, ६० नंबरचा. हिरवा दगड कार्बाइडसाठी आहे, एचएसएसला नाही. टोक निळं पडलं म्हणून एचएसएस लगेच नरम होत नाही, पण तापलेलं टोक पाण्यात बुडवू नका, हवेत थंड होऊ द्या. ड्रिल निम्मं घासून आखूड झालं की मधला गाभा जाड होतो, कारण तो टोकापासून शँककडे जाड होत जातो. मग धार कितीही चांगली लावा, ते जात नाही. दगडाच्या कोपऱ्यानं दोन्ही बाजूंनी गाभा पातळ करून चिझल एज १० मिमीच्या ड्रिलवर एखाद्या मिमीपर्यंत आणा. टाकून दिलेली कितीतरी ड्रिलं एवढ्यानं परत कामाला लागतात.

सेट घ्यायचा की सुटं? १९ नगांच्या सेटमध्ये १ ते १० मिमी, अर्ध्या-अर्ध्या मिमीच्या अंतरानं येतं. दिसायला छान. पण एम४ च्या आट्यांना ३.३ लागतं, एम५ ला ४.२, एम८ ला ६.८, यातलं एकही त्यात नसतं. एम६ चं ५.० आणि एम१० चं ८.५ तेवढी मिळतात, एम१२ चं १०.२ मापाबाहेरच राहतं. बोल्ट मोकळा जाण्यासाठी एम५ ला ५.५, एम६ ला ६.६, एम८ ला ९ आणि एम१० ला ११. त्यापेक्षा तुमच्या कामाची सात-आठ मापं ठरवा, प्रत्येकी दोन-तीन घ्या, ५ मिमीच्या खालची पाच-पाच. स्टेनलेसचं काम असेल तर फक्त त्या मापांची कोबाल्ट वेगळ्या डबीत ठेवा आणि पोराला एमएसवर वापरू देऊ नका.

१३ मिमीच्या वर शँकचा प्रश्न येतो. अर्धा इंच शँकची, खाली बारीक केलेली १६-२० मिमीची ड्रिलं चकमध्ये बसतात म्हणून खपतात. पिलर मशीनवर कमी स्पीडला ती चालतात. हँड ड्रिलवर मात्र ड्रिल पलीकडे निघताना अडकतं आणि मनगटच फिरतं. चकमध्ये शँक सरकली की तिच्यावर ओरखडे उठतात आणि मग ती कधीच सरळ बसत नाही. चावी तिन्ही भोकांत लावून आवळायची ती यासाठी. मोर्स टेपरमध्ये, म्हणजे चकशिवाय थेट मशीनमध्ये बसणाऱ्या निमुळत्या शँकमध्ये, १४ मिमीपर्यंत एक नंबर, २३ पर्यंत दोन नंबर, ३१.७५ पर्यंत तीन नंबर शँक असते. स्लीव्ह (टेपर बसवायची नळी) त्याच हिशेबानं घ्या आणि बसवण्याआधी आतून पुसा. टेपर नीट न बसल्यानं सगळा जोर शँकच्या टोकाच्या चपट्या शेपटावर येतो आणि शेपूट पिळून तुटतं. ड्रिल चांगलं असूनही भंगारात जातं. महिन्यातून एखादंच २५ मिमीचं भोक असेल, तर ते ड्रिल विकत घेऊच नका. मॅग्नेटिक ड्रिल असलेल्या फॅब्रिकेटरकडून ॲन्युलर कटरनं (पोकळ, कड्यासारख्या कटरनं) मारून घ्या, स्वस्त पडतं आणि भोकही सरळ येतं.